घाटांतील मालमोटार व मागील आंसाचें प्रमाण

शेतकरी मनुष्य जमीन घेतांना सात-बारा, फेरफार व बांध पाहिल्यावांचून विसार देत नाहीं. तोच मनुष्य मालमोटार घेतांना मात्र रंग, टायर व किंमत पाहून सौदा करतो. मागील आंसाचें प्रमाण कोणी क्वचितच विचारतो. आमच्या परिचयाच्या एका बागायतदारानें सपाट मुलखांत फिरलेली मोटार स्वस्तांत घेतली व करूळ घाटानें कोंकणांतील जांभ्याचे चिरे वर आणण्यास लाविली. एका हंगामांत क्लचप्लेट दोनदां जळाली. दोष मोटारींत नव्हता, निवडींत होता.

इंजिनाकडून मागें येणाऱ्या दांड्याच्या टोंकास जें लहान दंतचक्र असतें, त्यास पिनियन म्हणतात. तें आंसावरील मोठ्या दंतचक्रास, म्हणजे क्राउनास, फिरवितें. क्राउनाचे दांते ४१ व पिनियनचे ६ असल्यास प्रमाण ६.८३ होतें; पिनियनचे ७ असल्यास ५.८६. चाकाच्या एका फेऱ्यास दांड्याचे तितके फेरे लागतात. आंकडा मोठा, तर जोर अधिक व वेग कमी.

आतां हिशेब पाहूं. चाकाचा घेर ३.२ मीटर असून शेवटच्या गिअरमध्यें इंजिनाचे व दांड्याचे फेरे सारखे आहेत, असें धरूं. मिनिटास २००० फेऱ्यांवर पहिली मोटार ताशीं सुमारें ५६ किलोमीटर व दुसरी सुमारें ६६ किलोमीटर धांवेल. उलट पहिलीची ओढ एकषष्ठांशानें अधिक. मालासह १६ टनांची मोटार वीसांत एक अशा चढास लागली कीं, चढाचे ८०० किलो व चाकांच्या घर्षणाचे सुमारें १६० किलो, असा ९६० किलोंचा विरोध होतो. ज्या गिअरमध्यें पहिली मोटार १०९० किलो ओढ देते, त्यांतच दुसरी ९३५ किलो देते. पहिली चढून जाते. दुसरीस गिअर उतरवावा लागतो. चढावर थांबून पुन्हां निघतांना तर क्लचावर अधिकच भार येतो.

म्हणून वर्षाच्या खेपा मोजाव्या. घाटांतील चिरे व शेतांतील ओल्या चाकोरींतून ऊंस काढणें हें मुख्य काम असेल, तर मोठा आंकडा घ्यावा. सपाट सडकेवर लांबची वाहतूक अधिक असेल, तर लहान घ्यावा. नाहींतर इंजिनाच्या जादा फेऱ्यांपायीं डिझेल व्यर्थ जाईल.

मोठ्या आंकड्यानें उतारावरही इंजिनाचा अटकाव अधिक मिळतो. तथापि त्याच्या भरंवशावर राहूं नये. करूळ असो वा भुईबावडा, भरली मोटार खालच्या गिअरमध्येंच उतरवावी. डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रल करणें म्हणजे चालकाचा प्राण पणास लावणें होय.

घेतल्यावर प्रमाण बदलतां येतें, परंतु क्राउन व पिनियन ही जुळविलेली जोडी असल्यानें दोन्ही एकदम बदलावीं लागतात, आणि वेगदर्शक कांटाही दुरुस्त करावा लागतो. तात्पर्य, विसार देण्यापूर्वींच दांते किती, हें जाणत्या मिस्त्रीकडून लिहून घ्यावें. एका प्रश्नास पैसा पडत नाहीं. न विचारल्यास मात्र तो हंगामभर पडत राहतो.