पाचगणीच्या छपरावर सोलर : कल किती, पाखा कोणता?

घरावर सोलर बसवायचे म्हटले की पहिला वाद पॅनेलच्या कलावरून होतो. पाचगणी थंड हवेचे ठिकाण, म्हणून बर्फाच्या मुलखातले हिशेब इथे लावू पाहणारेही भेटतात. तेथे पॅनेल पंचेचाळीस अंश किंवा त्याहून उभे ठेवतात. त्याला कारणे दोन. हिवाळ्यात तेथे सूर्य फार खाली असतो, आणि उभ्या पॅनेलवरून बर्फ आपोआप घसरते. लेह चौतीस अक्षांशावर आहे, पाचगणी अठरावर. आपल्याकडे बर्फ पडत नाही. पडतो तो पाऊस, येते ते धुके आणि वाहतो तो घाटमाथ्याचा वारा. उभे पॅनेल म्हणजे या वाऱ्यापुढे धरलेले शीडच होय.

पाचगणीत डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून एकोणपन्नास अंशांवर असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो माथ्याच्याही किंचित उत्तरेला जातो. म्हणून दक्षिणेकडे तोंड करून पंधरा ते वीस अंशांचा कल पुरे. दोन-चार अंशांसाठी कारागिराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. किरण सरळ पडण्यात दहा अंशांचा फरक आला तर नुकसान दीड टक्का, वीस अंशांचा आला तर सहा टक्के. मात्र कल दहा अंशांच्या खाली नेऊ नये. पावसाचे पाणी खालच्या कडेला साचते, तेथे माती बसते आणि आपल्या हवेत शेवाळ धरायला वेळ लागत नाही.

दक्षिण दिशा ठरविण्यासाठी ओळंबा पुरतो. गवंडी आणि सुतार बांधवांकडे तो असतोच. सूर्य माथ्यावर येताना ओळंब्याच्या दोरीची सावली उत्तर-दक्षिण पडते. घड्याळात बारा वाजता तसे होत नाही. पाचगणीत त्या वेळी साधारण साडेबारा झालेले असतात आणि ऋतूप्रमाणे दहा-पंधरा मिनिटे मागेपुढे होते. मशिदीतील वेळापत्रकात जवालची वेळ पाहिली तर अंदाज लगेच येतो. किब्ल्याकडे तोंड करून डावा हात तो दक्षिण, असे धरले तरी चूक बारा अंशांचीच होते, कारण येथून मक्का पश्चिमेच्या थोडी उत्तरेला आहे. एवढ्याने उत्पादनात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

खरे नुकसान सावलीने होते. पाचगणीत सिल्व्हर ओक कुठे नाही? साठ फुटी झाडाची सावली डिसेंबरात भर दुपारी सुमारे त्रेपन्न फूट लांब पडते, आणि सकाळी साडेनऊला शंभर फुटांच्या पुढे जाते. पॅनेल एकामागे एक साखळीने जोडलेले असतात. एकावर सावली आली की तिचा फटका साखळीतल्या इतरांनाही बसू शकतो. सावलीने अर्धे पॅनेल झाकले म्हणजे अर्धीच वीज गेली, असा भाबडा हिशेब करू नये. झाड तोडू म्हणाल तर महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. परवानगीवाचून कुऱ्हाड लावता येत नाही. तेव्हा झाड जागेवर राहणार असे धरूनच पॅनेलची जागा शोधावी. शक्य असेल तर डिसेंबरात एक दिवस सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीनला छपरावर चढून सावलीच्या कडा खडूने आखाव्या. पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याचा वाढीव मजलाही त्यात येऊ द्यावा. हे काम मे महिन्यात केले तर सूर्य डोक्यावर असल्याने सगळे छप्पर मोकळेच दिसेल.

स्लॅबवर दोन रांगा करायच्या असतील तर पुढच्या रांगेची मागची कड तिच्या पुढच्या कडेपेक्षा जितकी उंच, त्याच्या सव्वापट जागा मध्ये सोडावी. साडेसात फुटी पॅनेल अठरा अंशांवर ठेवले तर ही उंची सव्वादोन फुटांच्या थोडी वर जाते. म्हणजे तीन फूट मोकळे ठेवले की झाले. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा धरावी.

कौलारू किंवा पन्हळी पत्र्याच्या घराला कल मुळातच असतो. दक्षिणेचा पाखा असेल तर त्याच्याच कलाने पॅनेल लावावे, वर आणखी सांगाडा उभारू नये. दक्षिणेचा पाखा नसेल तर पूर्वेचा घ्यावा. उत्पादन दहा टक्क्यांच्या आसपास घटेल, पण पश्चिमेपेक्षा तो बरा. वळिवाचे ढग दुपारनंतर येतात आणि पावसाळी वाराही पश्चिमेचा. उत्तरेचा पाखा तीस अंशांचा असेल तर डिसेंबरच्या भर दुपारी त्यावर पडणारे ऊन दक्षिण पाख्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच असते. तो सोडूनच द्यावा. पॅनेलचा भार पत्र्यावर टाकू नये. खालच्या वाशांना किंवा लोखंडी पट्ट्यांना धरून घ्यावे. भोक पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात नव्हे, आणि रबरी वायसर विसरू नये. सिमेंटचा जुना पत्रा ठिसूळ असतो. त्यावर माणूस चढविण्याआधी खाली फळी टाकावी.

आता पैशांचे. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठरले. ते घरगुती जोडणीसाठी आहे, दुकानाच्या मीटरसाठी नाही. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असणाऱ्यांनी अर्जापूर्वी कोणते मीटर कशावर चालते ते पाहून घ्यावे.

जून ते सप्टेंबर उत्पादन फार घटते. धुक्यात उजेड चहूकडून येतो, तेथे कलाची करामत चालत नाही. नेट मीटरमध्ये शिल्लक युनिट पुढच्या बिलात जमा होतात, पण आर्थिक वर्ष संपताच हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटचा भाव कमी मिळतो. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची शिल्लक पावसाळ्याला उपयोगी पडत नाही, एप्रिल-मेची पडते. त्या दोन महिन्यांत सूर्य उंच असतो, आणि कल वीस अंशांच्या वर नेऊ नये याचे हे आणखी एक कारण. हिशेबाचा चालू नियम अर्ज करतानाच महावितरणच्या कार्यालयातून लेखी मागून घ्यावा.