पाणी पोचलं की निघा

अगं, तिकिटं काढायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. ओकावांगोला कधी जायचं, याचं उत्तर शाळेच्या सुट्टीवर ठरवू नये. ते अंगोलातल्या पावसावर ठरतं, म्हणून आधी तेवढं नीट समजून घे. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच सुटतात.

ओकावांगो नदी अंगोलाच्या पठारावर उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोट्स्वानात शिरते आणि समुद्राकडे न जाता कलहारीच्या वाळूत पसरते. तिथला उतार इतका कमी आहे की साडेतीन-चार किलोमीटरला जेमतेम एक मीटर पाणी खाली उतरतं. त्यात पपायरस, लव्हाळे, वाळूचे उंचवटे आडवे येतात. त्यामुळे अंगोलात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेल्या पावसाचं पाणी एप्रिलच्या सुमारास सीमेवरच्या मोहेंबोला येतं, आणि तिथून अडीचशे किलोमीटरवरच्या माऊन गावापर्यंत पोचायला आणखी तीन-चार महिने घेतं. म्हणजे बोट्स्वानात आभाळ कोरडं, झाडं वाळलेली, सगळं रान पाण्यासाठी कासावीस, आणि नेमका तेव्हाच पूर येतो. हत्ती, रेडे, हरणांचे कळप आजूबाजूच्या कोरड्या मुलखातून पाण्याकडे चालत येतात ते याचसाठी. बहुतेक सगळं पाणी झाडं पितात किंवा ऊन पितं. माऊनच्या पुढे फारच थोडं जातं.

तेव्हा माझं स्पष्ट मत: जूनचा उत्तरार्ध ते ऑगस्ट. मुलाची शाळा बुडेल, बुडू दे आठ-दहा दिवस. मे महिन्याच्या सुट्टीतच जायचं असेल तर उत्तरेकडच्या भागात पाणी मिळेल, दक्षिणेला ते अजून यायचं असेल. दिवाळीच्या सुट्टीचा विचार मात्र सोड. ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो आणि बऱ्याच ठिकाणी होड्या चालण्याइतकं पाणी उरत नाही. जनावरं भरपूर दिसतात हे खरं, पण तुमच्याबरोबर येणाऱ्या विहीणबाईंना तो उन्हाळा झेपायचा नाही. डिसेंबर ते मार्च हिरवंगार असतं, दर कमी असतात, पाहुणे पक्षी आलेले असतात. पक्षीवेड्यांनी तेव्हा जावं. आणि पूर दरवर्षी सारखा नसतो, हेही लक्षात ठेव. २०१९ साली दुष्काळाने पाणी फारच कमी आलं होतं. बुकिंग करणाऱ्याला विचार, "यंदा मोहेंबोला पाणी किती आलंय?" या प्रश्नाला ज्याला उत्तर देता येतं, त्याच्याकडेच पैसे भर.

दुसरं, सगळे दिवस एकाच कॅम्पमध्ये काढू नकोस. पाण्याच्या मधोमध असलेल्या कॅम्पवर होडी, पक्षी, पाणघोडे, लेचवे हरणं हे सगळं उत्तम, पण सिंह, बिबटे, रानकुत्रे यांच्यासाठी कोरडी जमीन लागते. निम्मे दिवस पाण्यातल्या कॅम्पवर आणि निम्मे मोरेमी किंवा खवाईच्या बाजूला, अशी वाटणी कर. आधी जमीन, मग पाणी. वाघ-सिंह बघायची घाई आधी भागली की माणूस होडीत शांत बसतो. (वाघ तिथे नाहीत हे मुलाला विमानात बसायच्या आधीच सांगून ठेव. आपल्याकडची मुलं पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारतात.)

सामान. माऊनहून पुढे छोटी सेसना विमानं जातात. सामानाची मर्यादा साधारण पंधरा ते वीस किलो, त्यात हातातली पिशवीही धरतात. बॅग मऊ हवी, चाकं आणि कडक तळ नसलेली. विमानाच्या पोटातल्या कप्प्यात ती दाबून बसवावी लागते, कडक सुटकेस तिथे शिरतच नाही. कपडे तीन जोड पुरेत, कॅम्पवर धुऊन देतात. आतले कपडे मात्र बऱ्याच ठिकाणी धूत नाहीत, त्यासाठी साबणाची पूड खोलीत ठेवलेली असते. रंग मातकट, खाकी, शेवाळी. लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत सामान्य माणसाने ते घालायला बंदी आहे. आणि स्वेटर, कानटोपी, हातमोजे घे. आफ्रिका म्हणजे गरमच, असं समजून लोक सुती शर्टात जातात आणि जुलैच्या पहाटे उघड्या जीपमध्ये काकडतात. पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं तिथे.

विमान दुपारी फार हलतं, म्हणून सकाळचं माग. आवळासुपारी तोंडात ठेव आणि खिडकीतून खाली बघ. बेटं दिसतील. कडेला झाडांची हिरवी गर्द किनार आणि मधोमध पांढरा डाग. बरीचशी बेटं वाळवीच्या वारुळापासून सुरू झालेली आहेत. उंचवटा कोरडा राहतो, त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडं उगवतात. ती झाडं जमिनीखालून पाणी ओढतात, क्षार मागे राहतात आणि बेटाच्या मध्यावर साठत जातात. तो पांढरा डाग म्हणजे तेच. बाजूचं पाणी गोडं राहतं याचं मोठं कारण ही झाडं आहेत. मुलाला हे वरूनच दाखव, जमिनीवर उतरल्यावर एवढं स्पष्ट दिसत नाही.

आता मकोरोचं सांगतो, कारण खरं ओकावांगो तिथेच आहे. मकोरो म्हणजे एका लाकडात कोरलेली लांब, अरुंद होडी. पूर्वी ती किगेलियाच्या नाहीतर जॅकलबेरीच्या खोडातून कोरायचे. एका होडीसाठी एक मोठं झाड जायचं, म्हणून आता पाहुण्यांसाठी फायबरग्लासच्या वापरतात आणि ते योग्यच आहे. लाकडीसाठी हट्ट धरू नकोस. होडीची कड पाण्यापासून चार बोटं वर असते. आपण तळाशी पाय लांब करून बसायचं, मागे पोलर उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो. इंजिन नाही, वल्ह्याची खळखळ नाही. म्हणूनच जीपमधून कधी दिसणार नाही ते इथे दिसतं.

बसताना आधी एक पाय होडीच्या बरोबर मध्यावर, मग दोन्ही हातांनी कडा धरून खाली. एकदा बसलं की बसलं. फोटोसाठी उठायचं नाही, बाजूला झुकायचं नाही, दोघांनी एकदम वळायचं नाही. हात पाण्यात सोडायचा नाही, मगरी आहेत. पाणी काचेसारखं नितळ असतं, तळाची वाळू दिसते, मोह होतो, तरी नाही. पोहायचं तर मुळीच नाही. संथ पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिलहार्झिया नावाचा रोग होतो, तो वेगळाच.

विहीणबाईंसाठी घरीच एक परीक्षा घे. सतरंजीवर पाय लांब करून तासभर बसायला सांग आणि मग उठता येतं का बघ. येत असेल तर मकोरो जमेल. नसेल तर कॅम्पच्या मोटरबोटीत खुर्च्या असतात, त्या त्यात जातील. उगाच भिडेखातर कुणाला होडीत बसवू नये. मुलाचं वय बुकिंगच्या वेळीच कळव. बारा वर्षांखालच्या मुलांना बरेच कॅम्प मकोरोत आणि पायी फिरायला नेत नाहीत. त्याच्या जन्मदाखल्याची प्रतही जवळ ठेव.

होडी लव्हाळ्यांतून घुसली की मांडीवर कोळी पडतील, किडे पडतील. किंचाळायचं नाही, हलक्या हाताने उडवायचे. त्या लव्हाळ्यांच्या देठांवर नीट बघ: अंगठ्याच्या नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा किंवा ठिपक्यांचा बेडूक चिकटून बसलेला असतो. दिवसा तो एवढा गप्प असतो की पोलरने काठीच्या टोकाने दाखवल्याशिवाय दिसत नाही. रात्री हेच बेडूक ओरडायला लागले की वाटतं, कुणीतरी शेकडो काचेच्या घंटा हलवतंय. आणि कमळांच्या पानांवरून चालणारा तांबूस कमळपक्षी दिसला तर पोलरला थांबायला सांग. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नर करतो. धोका वाटला की तो पिल्लांना पंखाखाली घेऊन उचलतो आणि त्याच्या पोटाशी नुसते बारीक बारीक पाय लोंबताना दिसतात. सिंहामागे धावताना लोक हे सोडून देतात, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. मगर, हत्ती, सिंह आफ्रिकेत इतरत्रही दिसतील. हे बघायला पाण्याच्या पातळीवर तासन्‌तास बसावं लागतं.

पाणघोड्याचं मात्र गांभीर्याने घे. तो रात्री गवत खायला जमिनीवर येतो आणि पहाटे पाण्यात परततो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीही येऊ नये. दिवसा तो खोल पाण्यात असतो, म्हणून पोलर होडी उथळ काठाने नेतो. पोलर मध्येच थांबला, ऐकू लागला, तर तूही गप्प बस. "मागे फिरू" म्हणाला तर "थोडंसं पुढे जाऊन बघू या" म्हणायचं नाही, जादा पैसे देतो म्हणायचं तर नाहीच. त्याचा शब्द तिथे शेवटचा. बेटावर पायी फिरतानाही तेच: एका रांगेत चालायचं, बोलायचं नाही, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही.

कॅम्पला कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूतून जेवणाच्या जागेपर्यंतही एकटीने जायचं नाही, न्यायला माणूस येतो. रात्री तंबूशेजारी हत्ती फांद्या मोडत असेल तर पडून राहा, चेन उघडून टॉर्च मारू नकोस. खोलीत भोंगा किंवा शिट्टी दिलेली असते. ती खऱ्या अडचणीसाठी, हत्ती आला हे कळवायला नव्हे.

खाण्याचं तुमचं मला ठाऊक आहे. चिवडा, शंकरपाळे, मेतकूट, लोणचं ने. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ नेऊ नको. पण पोचल्याबरोबर सगळा डबा कॅम्पच्या स्वयंपाकघरात दे. तंबूत एक लाडूसुद्धा ठेवायचा नाही. माकडं, बबून दिवसा चेन उघडतात, तरस रात्री वासावर येतं, आणि संत्र्याचा वास हत्तीला लांबून लागतो. शाकाहाराचं आधीच लिहून कळव, आणि सविस्तर लिही: मासे नाहीत, कोंबडी नाही, अंडी चालतात की नाही. नुसतं "शाकाहारी" लिहिलंत तर ताटात मासा येऊ शकतो.

औषधांचं थोडक्यात. तिथे हिवतापाचा धोका असतो. कोणत्या गोळ्या घ्यायच्या हे निदान महिनाभर आधी डॉक्टरांना विचार आणि परतल्यावरही त्यांनी सांगितलेले दिवस पूर्ण कर. संध्याकाळी पूर्ण बाह्या, पायमोजे. घरी आल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग, "आफ्रिकेतून आलोय." पीतज्वराचंही बघून घे. बोट्स्वाना स्वतः पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही, पण केनिया किंवा इथिओपियामार्गे जात असाल तर नियम बदलतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. लशीचा दाखला नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात.

शेवटी माणसांबद्दल. कुणालाही काही विचारायच्या आधी नमस्कार कर: पुरुषाला "दुमेला रा", बाईला "दुमेला मा". हात मिळवताना डावा हात उजव्या कोपराला लावायची रीत आहे. थेट प्रश्न विचारून सुरुवात केली तर ते उद्धटपणाचं दिसतं. पोलर बहुधा बायेई किंवा हाम्बुकुशु समाजातले असतात. बायेईंनी उथळ पाण्यात काठीने होडी हाकायची विद्या या भागात आणली. पिढ्यान्‌पिढ्या हे लोक याच पाण्यावर मासे धरत, लव्हाळे कापत आलेत. नुसतं "तो पक्षी कोणता" असं विचारू नकोस, हे गवत कशासाठी वापरता, यंदा पाणी कसं आहे, असंही विचार. आणि मुलाला हे अवश्य सांग की मोरेमीचं अभयारण्य १९६३ साली तिथल्या बाटावाना लोकांनी आपल्याच जमिनीवर, आपल्याच निर्णयाने राखलं. जनावरं बेसुमार शिकारीने संपत चाललीत हे त्यांना दिसत होतं. २०१४ साली ओकावांगो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, यादीतलं हजारावं स्थळ म्हणून. पण त्या मानाच्या आधी पन्नास वर्षं ही जमीन राखली गेली होती.

बक्षिशीसाठी सुट्या नोटा ठेव. गाइडची वेगळी, पोलरची वेगळी, आणि पोलरची त्याच्या हातात. आठवण म्हणून ताडाच्या पात्यांच्या विणलेल्या टोपल्या घे, एत्शा आणि गुमारेच्या बायका विणतात. एका टोपलीला आठवडेच्या आठवडे लागतात, तेव्हा घासाघीस करू नकोस. पीस, हाड, शिंग यांतलं काही उचलून आणायचं नाही, तो गुन्हा आहे.

दुर्बीण माणशी एक हवी, आठ बाय बेचाळीस पुरते. माझी घेऊन जा, म्हणजे तुम्हाला तीनच घ्याव्या लागतील. आणि जुलैची बुकिंगं वर्षभर आधी भरतात, तेव्हा जावईबुवांशी आजच बोल.