उपस्थात्याची पहिली पायरी : परिचर्या-शिक्षणाचा मार्ग निवडताना

चिकित्सेच्या चार पादांमध्ये भिषक्, द्रव्य आणि रोगी यांच्या बरोबरीने आचार्यांनी उपस्थात्याला स्थान दिले आहे. आपल्या परिषदांमधून व नियतकालिकांमधून पहिल्या दोन पादांची चर्चा विपुल होते. तिसऱ्या पादाविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. तरीही दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावचे पालक वैद्यांकडे आणि औषधालयचालकांकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात : "मुलीला नर्सिंगला घालायचे आहे, कोणता कोर्स बरा?" या प्रश्नाला घाईने दिलेल्या उत्तराचा परिणाम त्या मुलीला पुढील तीस वर्षे भोगावा लागतो. म्हणून या विषयाचा पद्धतशीर विचार येथे केला आहे. यातील प्रवेशविषयक माहिती मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे.

१. शास्त्राची दृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात उपस्थात्याचे चार गुण सांगितले : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. यांपैकी उपचारज्ञता प्रथम आली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रुग्णाविषयी प्रेम आणि अंगी तत्परता असूनही उपचाराचे ज्ञान नसेल तर तो परिचारक अपुरा ठरतो. पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात तर स्नान घालणारे, संवाहन करणारे, रुग्णास उठविणारे व निजविणारे, औषधी वाटणारे अशा परिचारकांचा वेगवेगळा उल्लेख आहे. म्हणजे कामांची विभागणी आणि त्या-त्या कामातील कौशल्य ही कल्पना आपल्या शास्त्राला नवीन नाही. आज आपण चिकित्सालयातील प्रत्येक स्त्री-कर्मचाऱ्यास सरसकट 'सिस्टर' म्हणतो, तेव्हा हा विवेक आपणच सोडून देत असतो.

२. मूळ प्रश्न : नाव कोणत्या नोंदवहीत येणार?

आधुनिक काळात परिचारिका हा कायद्याने नियमित झालेला व्यवसाय आहे. १९४७ च्या कायद्यान्वये भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्यान्वये महाराष्ट्र परिचर्या परिषद परिचारिकांची नोंदणी करते. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला असून त्यात जुन्या परिषदेच्या जागी आयोग आणण्याची तरतूद आहे. नियामक संस्थेचे नाव बदलले तरी तत्त्व बदलत नाही : मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून ज्यांचे नाव नोंदवहीत आले, त्यांनाच परिचारिका म्हणून शासकीय पद, पुढील शिक्षण आणि परराज्यातील नोंदणी यांचा मार्ग मोकळा होतो.

यावरून सल्ला देणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न ठरतो. अभ्यासक्रम किती महिन्यांचा आणि शुल्क किती, हे प्रश्न नंतरचे. तो पूर्ण झाल्यावर विद्यार्थिनीचे नाव कोणत्या परिषदेच्या, कोणत्या नोंदवहीत येणार, हे आधी पाहिले पाहिजे. याचे स्पष्ट उत्तर मिळत नसेल तर तो परिचर्येचा मार्ग नव्हे, असे समजावे.

३. तीन मान्य मार्ग

(अ) सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे एएनएम : कालावधी दोन वर्षे. पात्रता बारावी उत्तीर्ण. कला शाखेच्या विद्यार्थिनींनाही प्रवेश मिळतो. परंपरेने हा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. याचा भर ग्रामीण आरोग्य, माता-बालसंगोपन, लसीकरण व प्रसूतिसेवा यांवर असतो. सपाटीवर साधारण ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे आपल्याकडील प्रमाण. त्या उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचे पद हे या शिक्षणाचे स्वाभाविक स्थान होय.

(आ) सामान्य परिचर्या व प्रसविका, म्हणजे जीएनएम : कालावधी तीन वर्षे, त्यातील अखेरचे सहा महिने प्रत्यक्ष सेवानुभवाचे. बारावीला इंग्रजी विषय व किमान ४० टक्के गुण आवश्यक. शास्त्र शाखेला प्राधान्य असले तरी इतर शाखांना दार बंद नाही. मुलांनाही प्रवेश मिळतो. रुग्णालयातील अधिपरिचारिका पदासाठी ही मान्य अर्हता आहे.

(इ) बीएस्सी नर्सिंग : कालावधी चार वर्षे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी आवश्यक. किमान ४५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातींना सवलत. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते आणि प्रवेशासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ही पदवी घेतलेल्यांस अनुभवानंतर एमएस्सी नर्सिंग, अध्यापन व प्रशासन यांकडे थेट जाता येते.

तिन्ही मार्गांना प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रवेशाचे तपशील वर्षागणिक बदलत असल्याने त्या वर्षीची अधिसूचना पाहूनच अर्ज करावा.

४. वर्षांचे गणित

पालकांमध्ये एक समजूत दृढ आहे की आधी एएनएम करावे, मग जीएनएम, मग पदवी. म्हणजे पायरी-पायरीने वर जाता येते. ही समजूत अर्धवट खरी आहे. नोंदणीकृत एएनएम उमेदवारास जीएनएमला प्रवेश मिळतो, हे खरे. परंतु एएनएमची दोन वर्षे त्यात वजा होत नाहीत. जीएनएमची पूर्ण तीन वर्षे पुन्हा करावी लागतात. त्यानंतर पदवीसाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी अभ्यासक्रम आहे.

आता बेरीज करून पाहावी. थेट बीएस्सी केल्यास चार वर्षे. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक केल्यास पाच वर्षे. एएनएम, जीएनएम व पोस्ट बेसिक या क्रमाने गेल्यास सात वर्षे. अठराव्या वर्षी बारावी झालेली मुलगी पहिल्या मार्गाने बाविसाव्या वर्षी पदवीधर होते, तर तिसऱ्या मार्गाने एकही वर्ष वाया न घालविता पंचविसाव्या वर्षी. मध्ये नोकरी, विवाह किंवा घरची अडचण आली तर हा क्रम बहुधा पहिल्याच पायरीवर थांबतो.

तात्पर्य असे की बारावी कला शाखेची मुलगी इंग्रजीसह ४० टक्क्यांनी उत्तीर्ण असेल आणि घरची परिस्थिती तीन वर्षे निभावून नेण्याजोगी असेल, तर तिने एएनएममधून जाण्याचे कारण नाही. तिने थेट जीएनएमचा विचार करावा. याचा अर्थ एएनएम कनिष्ठ आहे, असा मुळीच नाही. ज्या मुलीला गावातच राहून मातांची व बालकांची सेवा करावयाची आहे, किंवा जिच्या घराला दोन वर्षांत मिळकतीची निकड आहे, तिच्यासाठी तो योग्य व सन्मानाचा मार्ग आहे. फक्त तो जाणीवपूर्वक निवडलेला असावा.

याहून महत्त्वाचा निर्णय दहावीनंतरच होऊन जातो. अकरावीला जीवशास्त्र सोडले की चार वर्षांच्या पदवीचा थेट मार्ग बंद होतो. म्हणून परिचर्येची आवड असणाऱ्या मुलीच्या पालकांशी हे बोलणे बारावीच्या निकालानंतर नव्हे, दहावीच्या निकालाच्या दिवशी झाले पाहिजे.

पुढील संधींचा फरकही लक्षात घ्यावा. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांमधील नर्सिंग ऑफिसर पदासाठी बीएस्सी पदवीधर थेट पात्र ठरतात, तर जीएनएम उमेदवारास किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून उभ्या राहिलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांमधील समुदाय आरोग्य अधिकारी पदावर महाराष्ट्रात बीएएमएस पदवीधरांबरोबर बीएस्सी नर्सिंग झालेल्यांचीही नेमणूक झाली आहे. आपल्या तरुण वैद्यांच्या बरोबरीने त्या पदावर एखादी परिचारिका काम करू शकते, एवढी या पदवीची योग्यता शासनाने मानली आहे.

५. परिचर्येसारखे दिसणारे इतर अभ्यासक्रम

जनरल ड्युटी असिस्टंट, पंचकर्म टेक्निशियन यांसारखे काही महिन्यांचे कौशल्य-अभ्यासक्रम आज उपलब्ध आहेत. अभ्यंग, स्वेदन, बस्ती यांची पूर्वतयारी व पश्चात् व्यवस्था जाणणारा सहायक पंचकर्म केंद्राला हवाच असतो. त्या दृष्टीने हे अभ्यासक्रम उपयुक्त आहेत. परंतु त्यांनी परिचारिका म्हणून नोंदणी मिळत नाही, आणि ते पूर्ण केले म्हणून जीएनएमचे एकही वर्ष कमी होत नाही. उपकल्पनीय अध्यायाच्या भाषेत सांगायचे तर संवाहक हा संवाहक आहे. त्याचे काम मानाचे आहे, पण त्याला दुसरे नाव देऊन त्याची फसवणूक करू नये.

केरळात आयुर्वेद नर्सिंगची पदवी आणि राजस्थानात आयुर्वेद नर्सिंग व फार्मसीची पदविका असे स्वतंत्र शिक्षणक्रम आहेत. आयुर्वेदाच्या दृष्टीने हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. मात्र ही अर्हता भारतीय परिचर्या परिषदेच्या जीएनएम वा बीएस्सी नर्सिंगच्या समकक्ष नाही. महाराष्ट्रातील मुलीने तिकडे जाण्यापूर्वी परत आल्यावर आपल्याला नोकरी कोठे मिळेल, याचा विचार केला पाहिजे.

'एका वर्षात नर्सिंग, नोकरीची हमी' अशा जाहिरातींबद्दल निराळे लिहिण्याची गरज नाही. मान्य मार्गांपैकी सर्वांत लहान मार्गही दोन वर्षांचा आहे, एवढी एकच गोष्ट पालकांना सांगितली तरी पुरे.

६. आपल्या चिकित्सालयातील मुलगी

आता थोडे अप्रिय पण आवश्यक. आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात किंवा औषधालयात बारावी झालेली एखादी मुलगी मदतनीस म्हणून काम करते. ती हुशार असते, हळूहळू रक्तदाब मोजू लागते, मलमपट्टी करते, पुड्या बांधते, रुग्णांची नावे लक्षात ठेवते. दहा वर्षांनी तिच्या अंगी दाक्ष्य, अनुराग व शौच हे तिन्ही गुण असतात. पण तिच्या हाती कागद नसतो. विवाहानंतर ती दुसऱ्या गावी गेली की तिथल्या रुग्णालयाच्या दृष्टीने ती कोणीच नसते. जीएनएमला प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे. तीही तोवर जवळ आलेली असते.

अशा मदतनीसाची अल्प वेतनातील सेवा आपल्याला सोयीची असते, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच तिला शिकण्यास जा असे सांगण्यात आपले हित आणि तिचे हित क्षणभर परस्परविरोधी होतात. अशा वेळी वैद्याने कोणाचे हित पाहावे, याविषयी आपल्या शास्त्रात संदेह नाही. शिवाय शिरेतून द्यावयाचे औषध वा सलाइन अप्रशिक्षित हातांवर सोपविणे रुग्णासाठी धोक्याचे आणि वैद्यासाठी कायदेशीर जोखमीचे आहे. ज्यांची आंतररुग्ण व्यवस्था आहे त्यांना १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यातील पात्र परिचारिकांची अट लागू होते, हेही विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत चांगली परंपरा आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले. ज्या काळी रुग्णालयातील काम कुलीन स्त्रीला अशोभनीय मानले जाई, त्या काळी हे घडले. आज तो पूर्वग्रह बराच ओसरला आहे. उणीव आहे ती योग्य वेळी मिळणाऱ्या योग्य सल्ल्याची.

७. संस्था निवडताना

पालकांना पुढील गोष्टी लिहून द्याव्यात :

• संस्थेचे नाव त्या वर्षाच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या व भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत स्वतः पाहावे. संस्थेने दाखविलेल्या छायाप्रतीवर विसंबू नये.
• परीक्षा कोण घेते, हे विचारावे. पदवीसाठी विद्यापीठ, एएनएम व जीएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ.
• विद्यार्थिनी प्रत्यक्ष अनुभव कोणत्या रुग्णालयात घेतात आणि तेथे खाटा किती भरलेल्या असतात, हे जाऊन पाहावे. रिकाम्या कक्षात परिचर्या शिकता येत नाही.
• वसतिगृह, गणवेश व परीक्षा यांसह पूर्ण कालावधीचा खर्च लेखी घ्यावा. शिष्यवृत्तीची पात्रता प्रवेशापूर्वीच पाहावी.
• मूळ प्रमाणपत्रे दिल्यास पोच घ्यावी व सेवाबंधाची अट असल्यास तिची मुदत वाचून मगच स्वाक्षरी करावी.
• मराठी माध्यमाच्या मुलीने प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत शरीररचनेच्या इंग्रजी संज्ञांचा परिचय करून घ्यावा. पहिल्या वर्षी अनेकींना विषयापेक्षा भाषाच जड जाते.

८. समारोप

वैद्य व औषधालयचालक यांच्या शब्दाला गावात आजही वजन आहे. पालक विचारावयास आले असता दोन मिनिटांत 'कुठलाही कोर्स करा, नोकरी लागते' असे सांगणे सोपे असते. त्याऐवजी मुलीची बारावीची गुणपत्रिका पाहावी, घरची निकड विचारावी, वर्षांची बेरीज मांडावी आणि नोंदवहीचा प्रश्न समजावून द्यावा. याला अर्धा तास पुरतो. आपल्या चिकित्सालयात काम करणारी मुलगी पात्र असेल, तर येत्या प्रवेशकाळापूर्वी तिच्याशी याच क्रमाने बोलावे. एक चांगली मदतनीस आपल्याकडून जाईल, हे खरे. परंतु चतुष्पादातील एक पाद त्यामुळे बळकट होईल, आणि त्याचा लाभ कोठे ना कोठे रुग्णालाच होईल.