घड्याळाचा काय संबंध?

“काकू, घड्याळाचा आणि कॉम्प्युटर चालू न होण्याचा काही संबंध नसतो.” आमच्या भागातल्या एका दुरुस्तीवाल्याने मला हे मान वर न करता ऐकवलं. मी त्याला एवढंच सांगत होते, की दिवाळीला गावी जायच्या आधीपासून मशिनचं घड्याळ मागे पडत होतं, सारखं हाताने लावावं लागत होतं. गावाहून आल्यावर चालू केलं तर काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असं काहीतरी उमटलं. एफ वन दाबा म्हणतं म्हणून दाबलं, तर निळा पडदा: ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. हा सगळा मजकूर मी कागदावर जसाच्या तसा उतरवून नेला होता. त्याने तो कागद हातातसुद्धा घेतला नाही. मी प्रुफं तपासून पोट भरते. समोर धरलेलं न वाचणाऱ्या माणसाचा मला मुळातच राग येतो.

त्याचं निदान तयारच होतं. हार्ड डिस्कमध्ये बॅड सेक्टर आलेत, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल. वर, “तसंही विंडोज टेन बंदच झालंय.” हे धादांत खोटं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट थांबले. त्या तारखेला कुणाचं मशिन आपोआप बंद पडलेलं नाही. पण दिवाळीच्या आसपास दुकानदारांना हे एक कारण आयतं मिळालं होतं, आणि ते दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलं जात होतं.

मग नेहमीचा प्रश्न: “सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं नाही ना? डीला आम्ही हात लावत नाही.” मी स्पष्ट सांगितलं, की डेस्कटॉपवरचं सगळं हवंय, एकही फाइल जाता कामा नये. “हो हो, डेस्कटॉप येणार की परत.” आला ना! कोरा करकरीत, निळ्या चित्रासकट, कोपऱ्यात रिसायकल बिन. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सी ड्राइव्हच्याच पोटात असतं, हे रोज फॉरमॅट मारणाऱ्या माणसाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. गिऱ्हाईक ‘डेस्कटॉप’ म्हणतं तेव्हा त्याला काय म्हणायचंय, हे समजून घेणं त्याचं काम होतं. माझ्या डेस्कटॉपवर प्रुफांचे फोल्डर होते, फोटो होते, आणि सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. त्या त्यांच्या तोंडून ऐकून मी टाइप केल्या होत्या. आता सासूबाई नाहीत, परत कुणाला विचारू?

फोन केला तर म्हणाला, “काकू, बिलावर लिहिलंय की.” बिलाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. हे बिल माझ्या हातात फॉरमॅट झाल्यावर पडलं, त्याआधी नाही.

पण खरा संताप आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्याकडे रात्री झोपताना भिंतीवरची सगळी बटणं बंद होतात. चांगली सवय आहे, आणि मी ती सोडणार नाही. सकाळी मशिन लावलं, तर पुन्हा तोच काळा पडदा, तोच सीमॉस, तोच एफ वन. या वेळी दाबल्यावर विंडोज उघडलं खरं, पण तारीख १ जानेवारी २०१३. बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडेना. मी खुर्चीत बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. पैसे दिले, ओव्या गेल्या, आणि मूळ बिघाड जिथल्या तिथे!

माझी भाचेसून एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. तिला फोनवर तो मजकूर वाचून दाखवला. पुरता वाचूनही झाला नव्हता, तेवढ्यात म्हणाली, “मावशी, बॅटरी गेलीय.”

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी, चपटी बॅटरी असते. सीआर २०३२, ३ व्होल्टची, तीस-चाळीस रुपयांना मिळते. मशिन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी मशिन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग्ज लक्षात ठेवणं हे तिचं काम. भिंतीवरचं बटण चालू असेल, तर बंद मशिनलाही थोडी वीज मिळत राहते आणि बॅटरीवर ताण येत नाही. बटण बंद केलं की सगळा भार तिच्यावर. म्हणून ती थकली की आधी घड्याळ मागे पडतं, आणि घर बंद ठेवून गावाला जाऊन आलं की पुरता निकाल लागतो. सेटिंग्ज पुसल्या जातात, बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंग्जवर जातं. माझ्या बोर्डावर डिस्कशी बोलण्याची पद्धत, म्हणजे साटा मोड, मूळ आयडीईवर होती. माझं विंडोज मात्र एएचसीआयवर बसवलेलं. बायोसमध्ये जाऊन हा एक शब्द बदलला असता, तर सगळं जसंच्या तसं उघडलं असतं. फ्यूज उडाला म्हणून त्याने भिंती पाडून घर नव्याने बांधलं होतं! फॉरमॅटनंतर मशिन ‘दुरुस्त’ झालं, कारण नवीन विंडोज त्या बदललेल्या सेटिंगवरच बसलं. आणि बॅड सेक्टर? क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आहे, त्यात डिस्कची तब्येत ‘गुड’ आली. एकही बॅड सेक्टर नव्हता.

तेव्हा घड्याळाचा संबंध होता. नुसता संबंध नव्हता, आजारच तो होता.

आता तुमच्यासाठी. मशिन ठीक असतानाच एकदा डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः साटा मोड आणि बूटच्या पानाचा. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बॅकअप घ्या वगैरे सगळेच सांगतात. घ्याच.

मशिन चालू होईना, तर फॉरमॅटला हो म्हणण्याआधी एक पेन ड्राइव्ह मागवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्यावर उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम उतरवून घ्या आणि त्यावरून मशिन चालू करा. ‘ट्राय उबुंटू’ निवडलं की ते पेन ड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला धक्का लावत नाही. तुमचे फोल्डर तिथे दिसले, की एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि मग दुकानदाराला काय मारायचंय ते मारू द्या. नवीन लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, बहुतेक वेळा न विचारता चालू असतं. तिथे ४८ आकडी किल्ली लागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं असेल तर ती त्या खात्यात असते. आजच छापून कपाटात ठेवा, कारण बायोसची सेटिंग्ज बदलली तरी ती मागितली जाऊ शकते. पंखा फिरतोय आणि पडदा काळाच, असं असेल तर रॅम काढून, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसून परत घट्ट बसवा. हे सगळे करतात आणि बऱ्याचदा चालतंही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र यातलं काहीही करू नका. वीज काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या माणसाकडे जा. खर्च हजारांत जातो.

दुकानात मशिन देताना शक्य असेल तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. डेस्कटॉप मशिनमध्ये त्याला दोन वायरी आणि चार स्क्रू, एवढंच असतं. दुकानदार कुरकुरला, तर दुकान बदला. डिस्क द्यावीच लागली, तर जॉब शीटवर ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे त्याच्याच अक्षरात लिहून घ्या, सहीसकट. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात, दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्कही लागत नाही. मी तक्रार नोंदवली. पण माझ्याकडे बोलणं होतं, त्याच्याकडे छापलेलं होतं.

फॉरमॅट होऊन गेलंच असेल, तर त्या क्षणी मशिन बंद करा. त्यावर काही बसवू नका, फोटो टाकू नका, ‘बघू या’ म्हणून इंटरनेट उघडू नका. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, मजकूर तिथेच असतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. एसएसडीवर मात्र ट्रिम नावाची सोय जुनं लगेच साफ करते, तिथे आशा कमी. माझी डिस्क जुनी, तबकडीची, हे नशीब. भाचेसुनेने ती दुसऱ्या मशिनला जोडून फोटोरेक हा पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवला. नवीन विंडोजने जेवढी जागा व्यापली तेवढं गेलं, बाकी बरंच आलं. पण नावं नाहीत. प्रत्येक फाइलचं नाव एफ आणि पुढे लांबलचक आकडा. त्यात ओव्यांच्या फाइली सापडल्या तर उघडल्यावर अक्षरं म्हणजे नुसता कोलाहल, कारण त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, युनिकोडच्या आधीच्या, आणि तो फॉन्टही फॉरमॅटमध्ये गेलेला. फॉन्ट एका प्रकाशकाकडून मिळवला, तेव्हा वाचता आल्या. जुन्या फॉन्टमधलं काही जपायचं असेल, तर फॉन्टची फाइलही सोबत ठेवा, किंवा सरळ युनिकोडमध्ये करून घ्या.

बॅटरी बदलताना आधी वायर भिंतीतून काढा, जुनीची कोणती बाजू वर होती ते बघा, नवीन पाकीटबंद घ्या. मग बायोसमध्ये तारीख लावा, साटा मोड फोटोतल्यासारखा करा, एफ टेनने सेव्ह करा. जुनी बॅटरी टेबलावर सोडू नका. लहान मुलाने ती गिळली तर अन्ननलिका आतून भाजते. चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचऱ्यात द्या.