आरोग्य शिबिरात युनियनचे काय काम?

प्रश्न : मी सूतगिरणीत कामाला आहे. युनियनने यंदा मला प्रतिनिधी केले. आरोग्य शिबिराला निम्मे लोक येतच नाहीत. साहेब म्हणतात, युनियनने पगार-बोनसचे बघावे. खरे काय?
– एक कामगार, राजापेठ, अमरावती

उत्तर : भाऊ, हा समज चुकीचा आहे. लोक बहुधा धास्तीने येत नाहीत : दोष निघाला तर काम जाईल. ही धास्ती त्यांच्यातलाच माणूस घालवू शकतो. शिबिराचा अहवाल ज्याचा त्यालाच मिळेल, हे आधी लेखी घ्या.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते. बीपी-शुगर तपासून ते कळत नाही. सोबत्यांना विचारले की कळते. म्हणून पाळीच्या आधी आणि नंतर श्वासाची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री मागा. खात्यात झाडूऐवजी धूळ ओढणारे यंत्रही मागा.

20 किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती कायद्याने हवी आणि तिच्यात निम्मे सदस्य कामगारांचे. आपल्या आरोग्याच्या तक्रारी तिथे मांडा.

मात्र कुणाला दम लागत असेल तर बैठकीची वाट पाहू नका. त्याला लगेच ईएसआय दवाखान्यात न्या आणि तो कोणत्या खात्यात काम करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.