शिफारसपत्राविषयी

पोफळी,
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी

चि. बाळ यास,

तुझी नेमणूक कायम झाली हे वाचून आनंद झाला; परंतु विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाची मुले पुढील शिक्षणाची चौकशीच करीत नाहीत, त्यांना महत्त्वाकांक्षा नाही, असे जे तू लिहिले आहेस ते मला पटले नाही. ज्याच्या घरात पदवीपलीकडे कोणी गेलेले नाही त्याने चौकशी करावी तरी कशाची? आय.आय.टी.तल्या एम.एस्सी.साठी ‘जॅम’ परीक्षा फेब्रुवारीत होते, पण तिचा अर्ज कित्येक महिने आधी भरावा लागतो. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधनवृत्ती देतात, व तिच्या अर्जासोबत शिक्षकाचे पत्र लागते. हे सारे त्याला दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच तुझ्याच तोंडून कळले पाहिजे.

दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, ही कथा आपण बुद्धीची म्हणून सांगतो. मात्र धोंडो केशव कर्व्यांनी या मुलाला आपल्या बिऱ्हाडी ठेवून घेतले होते, आणि पुढे तो फर्ग्युसनमध्ये शिकत असता तेथे गणित शिकवायलाही तेच होते, एवढा भाग सांगताना आपण घाई करतो. तू कोणाला घरी ठेव असे मी म्हणत नाही. तुझ्या दोन खोल्यांत ते जमायचेही नाही; पण मुलाला नीट ओळखणे जमेल.

आता माझी चूक ऐक. येथील वीजगृहाच्या वसाहतीतला एक विद्यार्थी प्रवेश-अर्जाच्या मुदतीच्या आदल्या दिवशी शिफारसपत्र मागायला आला असता मी दप्तरातला जुना मसुदा काढला, नाव बदलले, आणि ‘वर्तणूक उत्तम, हजेरी समाधानकारक’ असे लिहून खाली सही ठोकली. या मुलाने एकदा फळ्यावरील माझी चूक, वर्गात न बोलता, तास संपल्यावर जवळ येऊन मला दाखविली होती. तेवढे लिहिले असते तरी वाचणाऱ्याला तो दिसला असता. मला ते आठवले पत्र टपालात पडल्यावर. त्याला प्रवेश मिळाला नाही, आणि त्यात माझा वाटा किती, हा हिशेब मी अजून मांडतो.

म्हणून एक वही घाल. मुलागणिक एक पान. त्याने काय विचारले, कोठे अडला, अडल्यावर काय केले, हे त्याच दिवशी टिपून ठेव. त्याचा अर्जही त्यालाच लिहू दे. तू फक्त खुणा कर, मग तो चार वेळा लिहावा लागला तरी चालेल. आणि पोफळीच्या वीजगृहातून निघालेले पाणी खाली कोळकेवाडीस अडवून त्यावर पुन्हा वीज काढतात, हे लहानपणी पाहिलेला तू, एका परीक्षेत हुकलेल्या मुलाची आशा कशी सोडशील?

दिवाळीत येशील तेव्हा वही बरोबर आण. तीत नुसते गुणच उतरवलेले आढळले, तर मी ती न वाचता परत करीन.

तुझा,
काका