‘रिफ्यूज’ आणि ‘डिनाय’

सोनपेठ, जि. परभणी

चि. भाचीस,

‘रिफ्यूज’ हे इंग्रजी क्रियापद वापरताना आधी कोणीतरी काही मागितलेले, सांगितलेले किंवा देऊ केलेले असते आणि दुसरा त्याला तयार नसतो. त्याच्यामागे क्रियापद आले तर ‘टू’ लागते: ‘ही रिफ्यूज्ड टू साइन’, म्हणजे तो सही करायला तयार झाला नाही. नाम थेट येते, आणि माणूस व वस्तू अशी दोन कर्मेही चालतात: ‘दे रिफ्यूज्ड हिम अ लोन’, म्हणजे त्याला कर्ज नाकारले. ‘दॅट’ने सुरू होणारे वाक्य मात्र त्याला जोडता येत नाही.

मराठी माध्यमात शिकलेल्यांचे पाऊल घसरते ते इथे नव्हे, ‘डिनाय’पाशी. ‘ही डिनाइड टू कम’ हे वाक्य सर्रास ऐकू येते आणि ते चूक आहे. कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत आरोपही नाकारतात, स्थळही नाकारतात आणि मदतही. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत. घडले असे जे म्हटले जाते ते खरे नाही, असे सांगणे म्हणजे ‘डिनाय’. ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ म्हणजे पैसे घेतलेच नाहीत असे त्याचे म्हणणे. ‘ही रिफ्यूज्ड टू टेक द मनी’ म्हणजे समोर धरलेले पैसे त्याने घेतले नाहीत. साक्षीच्या भाषांतरात या दोहोंची अदलाबदल झाली तर साक्षीदाराचे बोलणेच उलटते. परवानगी किंवा प्रवेश न देणे एवढ्यापुरती दोन्ही क्रियापदे जवळ येतात. ‘डिनाय’च्या ‘खरे नाही’ या अर्थाला मराठीत ‘इन्कार करणे’ हा नेमका शब्द आहे आणि तो हाताशी ठेवावा.

‘डिक्लाइन’मध्ये नकार सौजन्याचा असतो, आमंत्रणाला शोभणारा. ‘रिजेक्ट’मध्ये पारखून बाजूला सारणे येते, अर्जाच्या बाबतीत त्याला फेटाळणे किंवा नामंजूर करणे म्हणावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत सोनपेठचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला वरचा कारभार उर्दूत चाले, त्यामुळे इन्कार आणि नामंजूर हे शब्द इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

इंग्रजीत यंत्र आणि जनावरही ‘रिफ्यूज’ करते. तिथे ‘मोटारीने सुरू होण्यास नकार दिला’ असे लिहिणे म्हणजे मराठीचा हात सोडणे. मोटार सुरू होईना, बैल जागचा हलेना, पोरगं ऐकेना: क्रियापदाच्या या एका रूपात सगळा नकार मावतो. वर्तमानपत्री ‘नकार दिला’पेक्षा माणसांनाही ते पुष्कळदा अधिक शोभते.

टपालाच्या पाकिटावरचा ‘रिफ्यूज्ड’ हा शेरा वेगळ्या तोलाचा आहे. घेणाऱ्याने पाकीट परत लावले, एवढाच त्याचा अर्थ. पण नोटीस योग्य पत्त्यावर नोंदणी टपालाने धाडली असेल, तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या २७ व्या कलमाच्या आधारे, उलट सिद्ध होईपर्यंत, ती बजावली गेली असेच न्यायालये धरतात. नोटीस परत लावून ती टळत नाही.

उच्चाराचे एवढेच: ‘रिफ्यूज’ या क्रियापदात जोर दुसऱ्या अवयवावर येतो आणि शेवटी ‘झ’सारखा ध्वनी असतो. त्याच अक्षरांचे नाम पहिल्या अवयवावर जोर देऊन ‘रेफ्यूस’ असे म्हणतात, आणि त्याचा अर्थ केरकचरा.

मामा